मुलगी चालू लागली, आई-वडील मात्र अजून त्याच चौकात

नागपुरातील एका वडिलांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. साडेचार महिन्यांपूर्वी त्यांची नऊ वर्षांची मुलगी शिकवणीहून आईच्या स्कूटीवर मागे बसून घरी येत असताना मानेवाडा चौकाजवळ एका मालवाहू गाडीचा मागून धक्का लागला. मुलीच्या मांडीचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. आता ती चालते आणि शाळेतही जाऊ लागली आहे. आईला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. परंतु तेव्हापासून आई स्कूटीला हात लावत नाही, रात्री दोन-तीनदा उठून मुलीच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना ते पाहते, हॉर्न वाजला की दचकते, आणि मुलीला इमारतीखाली खेळायलाही सोडत नाही. पोरगी वाचली, देवाची कृपा माना, असे घरचे सगळे सांगतात, नवराही सांगतो, तिला ते पटत नाही. तेव्हा ‘तिला कसे समजावू?’ असे त्यांनी विचारले आहे. स्वतःविषयी शेवटी चार वाक्ये आहेत. आपण ठीक आहोत, फक्त चिडचिड वाढली आहे. कार्यालयात असताना घरून फोन आला की छातीत धस्स होते. जाता-येता तो चौक टाळून लांबचा रस्ता घेतो. अपघाताचे सीसीटीव्ही चित्रण पोलिसांच्या कामासाठी मोबाइलमध्ये ठेवले आहे आणि रात्री कधीकधी ते पाहिले जाते.

मी नागपुरात मानसोपचारतज्ज्ञ म्हणून अनेक वर्षे काम करते आणि त्यातील बराच काळ मी अपघात विभागातून आमच्याकडे पाठवलेल्या कुटुंबांबरोबर घालवला आहे. तुमचे पत्र वाचताना मी आईविषयीचा मजकूर एकदा वाचला, ती शेवटची चार वाक्ये मात्र तीनदा वाचली. तुम्ही एका व्यक्तीविषयी विचारले आहे, परंतु पत्रात दोन व्यक्तींची लक्षणे लिहिलेली आहेत. दुसरे असे की ‘कसे समजावू’ हा प्रश्नच मला थोडा बाजूला ठेवावासा वाटतो, कारण मुलगी वाचली आहे हे तुमच्या पत्नीला तुमच्याइतकेच ठाऊक आहे. तिच्याजवळ माहितीची कमतरता नाही, त्यामुळे तीच माहिती पुन्हा देऊन काही बदलणार नाही.

पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही. तरी तुम्ही जे वर्णन केले आहे ते आघातोत्तर ताणविकाराच्या, म्हणजे रोजच्या बोलण्यात ज्याला पीटीएसडी म्हणतात त्या विकाराच्या, चित्राशी पुष्कळ जुळते. हे नाव अमेरिकन मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणात १९८० मध्ये आले. त्यामागे युद्धावरून परतलेल्या सैनिकांचा अनुभव मोठा होता, म्हणून आजही अनेकांना वाटते की हा विकार सैनिकांना किंवा भूकंपातून वाचलेल्यांनाच होतो. त्याच वर्गीकरणाच्या २०१३ च्या आवृत्तीत आघाताची व्याख्या स्पष्टपणे लिहिली आहे: माणूस स्वतः त्या प्रसंगात सापडला असेल, त्याने तो दुसऱ्यावर ओढवलेला पाहिला असेल, किंवा आपल्या अगदी जवळच्या माणसावर तसा हिंसक अथवा अपघाती प्रसंग आला हे त्याला कळले असेल, तरी तो आघात ठरू शकतो. तुमची पत्नी पहिल्या दोन्ही प्रकारांत बसते. तुम्ही तिसऱ्यात बसता. तुम्ही रस्त्यावर नव्हता, तुम्हाला फोन आला होता, आणि आज तुमच्या छातीत धस्स होते तेही फोन वाजल्यावरच.

लक्षणांचे साधारण चार गट मानले जातात. प्रसंग नको असताना पुन्हा पुन्हा समोर येणे, स्वप्नात किंवा जागेपणी. त्याची आठवण देणाऱ्या जागा, वस्तू, माणसे आणि बोलणे टाळणे. स्वतःविषयी आणि जगाविषयी विचार काळवंडणे, म्हणजे ‘मी वाईट आई आहे’, ‘कुठेच सुरक्षित नाही’, किंवा आनंदच न वाटणे. आणि शरीर सतत पहाऱ्यावर असल्यासारखे राहणे, ज्यात झोप न लागणे, दचकणे, चिडचिड, लक्ष न लागणे हे सारे येते. चिडचिड या यादीत आहे हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे पुरुषाची चिडचिड हा स्वभाव समजला जातो आणि बाईचे रडणे हा आजार.

काळाचा हिशेबही महत्त्वाचा आहे. पहिल्या महिन्यात अशी लक्षणे असणे इतके सर्रास आहे की मी त्या काळात सहसा कोणतेही मोठे नाव देत नाही. झोप, जेवण आणि सोबत यांकडे लक्ष देते आणि पुन्हा बोलावते. बऱ्याच आई-वडिलांमध्ये या लक्षणांचा जोर पहिल्या दोन-तीन महिन्यांत आपोआप ओसरतो. विकाराचे निदान करायचे तर लक्षणे एक महिन्याहून अधिक टिकलेली आणि रोजच्या जगण्यात अडथळा आणणारी असावी लागतात. तुमच्या घरी साडेचार महिने झाले आहेत आणि पत्राच्या सुरावरून उतार दिसत नाही. त्यामुळे ‘आणखी थोडे थांबून पाहू’ हा सल्ला मी दुसऱ्या महिन्यात दिला असता, आज देणार नाही.

आता ‘वाचली ना’ हे वाक्य का लागू पडत नाही ते सांगते. आमच्याकडे येणाऱ्या बाया सांगतात, “मॅडम, सासूबाई म्हणतात, पोरगी वाचली ना, मग कायले रडून राहिली?” सासूबाईंचा हेतू वाईट नसतो. परंतु साध्या आठवणीवर ‘हे झाले, हे संपले’ असा शिक्का असतो, आणि आघाताच्या वेळी साठवलेल्या तुकड्यांवर तो शिक्का नीट बसत नाही. ब्रेकचा आवाज, रस्त्यावर पडलेली एक चप्पल, अपघात विभागातला स्पिरिटचा वास हे तुकडे सुटे राहतात आणि तसाच आवाज किंवा वास आला की शरीर आता, या क्षणी, धोका आहे असे समजून कामाला लागते. म्हणून हॉर्न ऐकून दचकणाऱ्या बाईला तारीख विचारली तर ती बरोबर सांगेल, आणि तरी तिचे हात कापत असतील.

आणखी एक गैरसमज घरोघरी भेटतो: जखम जेवढी मोठी तेवढा मनावरचा परिणाम मोठा. पायाला प्लास्टर लागले एवढेच, मग एवढे काय, असे लोक म्हणतात. अनुभव आणि अभ्यास दोन्ही याच्या उलट बाजूला झुकतात. डॉक्टरांच्या कागदावरील जखमेच्या गांभीर्यापेक्षा ‘माझे लेकरू आता जाणार’ असे आई-बापाला त्या क्षणी वाटले होते की नाही, यावर पुढचे अधिक अवलंबून असते. १९९९ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात रस्ते अपघातात जखमी झालेल्या मुलांविषयी एक अमेरिकन अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात काही महिन्यांनंतर सुमारे २५ टक्के मुलांमध्ये आणि सुमारे १५ टक्के पालकांमध्ये हा विकार आढळला होता. तेथील परिस्थिती आपल्या रस्त्यांशी आणि आपल्या घरांशी तंतोतंत जुळणार नाही, पण तुमची पत्नी काही जगावेगळे वागत नाही एवढे सांगायला तो आकडा पुरेसा आहे.

काही गोष्टी मात्र परिस्थितीनुसार फार बदलतात आणि त्या मला पत्रावरून कळलेल्या नाहीत. वाहन आईच्या हातात होते ही एक गोष्ट कळली, आणि ती मोठी आहे. त्याविषयी पुढे लिहिते. परंतु याआधी तिने एखादे मूल गमावले आहे का, माहेरी कोणाचा अपघाती मृत्यू झाला आहे का, पूर्वी नैराश्याचा काळ येऊन गेला आहे का, शस्त्रक्रियेसाठी कर्ज काढावे लागले का, पोलीस किंवा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची तारीख पुढे आहे का, घरात आणखी एखादे लहान मूल आहे का ज्याच्याकडे या साडेचार महिन्यांत कोणाचे लक्षच गेले नाही, या प्रश्नांच्या उत्तरांवर उपचाराचा क्रम ठरतो. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनची तपासणीही मी सांगतेच, कारण धडधड, थकवा आणि निद्रानाश यांचे सगळे खापर मनावर फोडण्याआधी एवढे पाहणे सोपे असते.

वाहन आईच्या हातात होते. अशा वेळी मला भीतीपेक्षा अपराधीपणाची अधिक काळजी वाटते, कारण भीती दिसते आणि अपराधीपणा लपतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एक उदाहरण देते. आठवडी बाजारात भाजीचे पैसे देताना एका आईच्या हातातून पाच वर्षांच्या मुलाचा हात सुटला, मूल रस्त्यावर धावले आणि मोटारसायकलखाली आले. मुलगा दोन महिन्यांत हिंडूफिरू लागला. आई त्याला एक क्षण सोडत नसे. घरच्यांना वाटे की ती घाबरली आहे. चौथ्या भेटीत ती म्हणाली की तिला मुलगा जवळ हवा असतो तो जपण्यासाठी नव्हे, तर त्याच्यासमोर शिक्षा भोगत राहण्यासाठी. हे वाक्य तिने कोणालाही सांगितले नव्हते, कारण सांगायला गेले की समोरचा ताबडतोब म्हणे, “तुझा काही दोष नाही,” आणि विषय संपे.

मी ‘तुझा काही दोष नाही’ असे म्हणत नाही. ते ऐकणाऱ्याला खोटे वाटते, आणि कधीकधी ते पूर्ण खरेही नसते. त्याऐवजी मी कागदावर एक भाकरी काढायला सांगते. ही संपूर्ण भाकरी म्हणजे घडलेल्या प्रसंगाची जबाबदारी. तिच्यावर हक्क सांगणारे सगळे लिहून काढायचे: गाडीचा वेग, चालकाचे लक्ष, पदपथावर लावलेल्या गाड्या, बंद पडलेला दिवा, पाऊस, मुलाचे वय, त्या दिवशी सोबत न आलेले माणूस. प्रत्येकाला त्याचा वाटा आधी द्यायचा आणि स्वतःचा वाटा सर्वांत शेवटी कापायचा. बहुतेक आया सुरुवातीला सबंध भाकरी स्वतःकडे ओढून बसलेल्या असतात. शेवटी त्यांच्या हाती एक लहान तुकडा उरतो. तो तुकडा मी काढून घेत नाही. तेवढा त्या पेलू शकतात.

दुसरा भाग त्या क्षणी काय ठाऊक होते याचा. निकाल लागल्यावर पेपर सोपा वाटतो, तसे अपघातानंतर आधीचा प्रत्येक निर्णय चुकीचा दिसतो: शिकवणीहून पाच मिनिटे उशिरा निघाले असते तर, आतल्या लेआउटमधून, म्हणजे वसाहतीतल्या रस्त्याने, गेले असते तर. मग मी विचारते की निघताना तुम्हाला त्या गाडीविषयी काय माहीत होते? काहीच नव्हते. तोच रस्ता, तीच वेळ, त्याआधी किती वेळा? रोज. हे संभाषण नवऱ्याने स्वयंपाकघरात करायचे नाही. तुम्ही केले तर ते उलटतपासणीसारखे वाटेल. तुमच्याकडून तिला हवे असेल ते बहुधा वेगळे आहे. ‘तू गाडी चालवत होतीस’ हा विचार तुमच्या मनात कधी आला का, याचे खरे उत्तर तिला हवे असते. तो आला असेल, तर त्याविषयी तज्ज्ञासमोर एकदा बोलणे हे गप्प राहण्यापेक्षा बरे, कारण तिने तुमच्या चेहऱ्यावर तो आधीच वाचलेला असण्याची शक्यता आहे.

आता तुमच्याविषयी. जो माणूस प्रसंगी हजर नसतो त्याचे मन रिकाम्या जागेत स्वतःचा चित्रपट तयार करते, आणि तो खऱ्यापेक्षा भयंकर असू शकतो. तुमच्याजवळ तर प्रत्यक्ष चित्रण आहे. अनेक वडील सांगतात की ते पाहताना त्यांना वाटते, या वेळी काहीतरी नवीन सापडेल, चालकाची चूक नीट दिसेल. खरे पाहता रात्री एकट्याने, मिनिटभर पाहून धडकेच्या क्षणी बंद करणे, म्हणजे जखमेची खपली रोज अर्धी काढणे आहे; धोका संपल्यानंतरचा भाग, म्हणजे लोक धावून आले, रिक्षा थांबली, मुलगी रुग्णालयात पोहोचली, हा भाग त्यात येतच नाही. पुरावा म्हणून ते चित्रण जपलेच पाहिजे. एक प्रत पोलिसांकडे, एक वकिलाकडे किंवा पेनड्राइव्हवर भावाकडे ठेवा आणि मोबाइलमधून काढून टाका. व्हॉट्सअॅपवर नातेवाइकांच्या गटात ते फिरत असेल तर तिथूनही काढायला सांगा, मुलीच्या हाती कोणाचा ना कोणाचा मोबाइल येतच असतो.

चौक टाळून लांबच्या रस्त्याने जाण्याचेही तेच. वळसा घेतला की छातीवरचे ओझे उतरते, आणि ते उतरणे हीच त्या वळशाची मजुरी आहे. मजुरी मिळते म्हणून दुसऱ्या दिवशी वळसा पुन्हा होतो आणि चौक मनात अधिक मोठा होत जातो. पत्नीचे श्वास तपासणे याच जातीचे आहे. ‘आज तपासले म्हणून सगळे ठीक होते’ असे मन शिकते, आणि न तपासता सकाळ झाली असती तरी मुलगी ठीकच असती हे पडताळण्याची संधी त्याला कधी मिळत नाही.

मुलीकडे या सगळ्यात काय पोहोचते, हे आई-वडिलांना क्वचित दिसते. नऊ वर्षांचे मूल रस्ता सुरक्षित आहे की नाही हे रस्त्याकडे पाहून ठरवत नाही, ते आईच्या चेहऱ्याकडे पाहून ठरवते. शिवाय या वयाची मुले आई-वडिलांना जपतात. पायात कळ आली, वाईट स्वप्न पडले, शाळेत कोणी लंगडी म्हटले, तरी “आई घाबरते म्हणून मी सांगत नाही” असे मला एकाहून अधिक मुलांनी सांगितले आहे. ‘मुलगी अगदी बरी आहे’ हे तुमचे म्हणणे म्हणूनच मी अर्धेच धरते. तिच्याशी कोणीतरी वेगळे बोलले पाहिजे. तिला घरी एवढेच सांगा की त्या दिवसाविषयी काहीही विचारले, बोलले, चित्र काढले तरी चालेल, आणि मग गप्प बसा. ती बोलेल तेव्हा मध्येच तिचे बोलणे दुरुस्त करू नका.

उपचारांविषयी लोकांना दोन भीती असतात: डॉक्टर नुसते बोलायला लावतील, किंवा झोपेच्या गोळ्या देऊन टाकतील. या विकारासाठी सर्वांत भक्कम आधार असलेले उपचार म्हणजे आघात-केंद्रित संज्ञानात्मक वर्तनोपचार, ज्याला ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी म्हणतात, आणि ईएमडीआर, म्हणजे प्रसंग आठवत असताना डोळ्यांच्या ठरावीक हालचाली करवून घेण्याची पद्धत. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही हेच उपचार पुढे आहेत. साधारण आठ ते बारा भेटी लागतात. कोणाला कमी, कोणाला, विशेषतः आधीचे जुने आघात असतील तर, बऱ्याच जास्त. त्यात प्रसंग सुरुवातीपासून सुरक्षित शेवटापर्यंत पुन्हा पुन्हा, ठरलेल्या गतीने, तज्ज्ञाच्या सोबतीने सांगितला जातो. शेवटापर्यंत हा शब्द मी ठासून लिहिते. भेटायला आलेल्या पाहुण्यांसमोर चहाचे कप हातात असताना तीच गोष्ट पंधराव्यांदा सांगणे हा उपचार नाही, आणि अपघातानंतर दोन दिवसांत एकदाच सगळे मन मोकळे करायला लावण्याची जी पद्धत पूर्वी लोकप्रिय होती तिचा फायदा अभ्यासांत दिसलेला नाही.

याच्या जोडीला पायऱ्या असतात. तुमच्या पत्नीच्या बाबतीत त्या साधारण अशा असतील, पण क्रम तिने ठरवायचा. पार्किंगमध्ये बंद स्कूटीवर बसणे. सकाळी आपल्याच लेआउटमध्ये एकटीने एक फेरी. रविवारी सकाळी, वाहतूक विरळ असताना, तुमच्यासोबत त्या चौकात कडेला उभे राहणे, आणि भीती निम्म्यावर येईपर्यंत तिथून न हलणे. याला कधी वीस मिनिटे लागतात, कधी पाऊण तास. त्यानंतर तुमच्यामागे बसून चौक ओलांडणे, मग स्वतः चालवणे, आणि मुलगी मागे बसते ती पायरी अगदी शेवटची. एक पायरी कंटाळवाणी झाली की पुढची. हे सगळे मे महिन्यात करायचे असेल तर सकाळी आठच्या आत उरका. आपल्या उन्हात होणारी धडधड आणि भीतीची धडधड शरीराला सारखीच भासते आणि विनाकारण गोंधळ होतो. श्वास तपासणे तीनदा असेल तर दोनदा, मग एकदा, मग दारातून नुसते पाहणे. “एकदा बस गाडीवर, भीती पळून जाईल” असे म्हणून दीर किंवा भाऊ तिला जबरदस्तीने बसवत असतील तर ते मात्र थांबवा. फसवून चढवलेल्या पायरीवरून माणूस दहा पायऱ्या खाली येतो.

इथे एक फरक जपावा लागतो. आपले रस्ते खरोखरच धोकादायक आहेत आणि सगळी काळजी आजार नसते. मागे बसलेल्या मुलीला तिच्या मापाचे हेल्मेट, संध्याकाळी गर्दीचा चौक शक्य तर टाळणे, ही सावधगिरी आहे आणि ती कायम राहू द्या. इमारतीच्या फाटकाआत खेळायला न सोडणे ही भीती आहे. माझी कसोटी सोपी आहे: ज्या नियमामुळे मुलीचे जग तेवढेच राहून सुरक्षित होते तो नियम ठेवा, ज्यामुळे तिचे जग लहान होते तो तपासा.

औषधांविषयी थोडेच सांगते. सर्ट्रालिन किंवा पॅरॉक्सेटिन यांसारखी औषधे या विकारात उपयोगी पडतात, विशेषतः जोडीला नैराश्य असेल किंवा माणूस बोलण्याच्या उपचारासाठी अजून तयार नसेल तर. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि ती मनाने बंद करायची नसतात. अल्प्राझोलामसारखी झोप आणणारी गोळी मात्र पुष्कळ घरांत ओळखीच्या औषध दुकानातून किंवा शेजारणीच्या पाकिटातून येते. तिने रात्र निघते, पण सवय लागते आणि मूळ विकार जागेवर राहतो. अशी गोळी आधीच चालू असेल तर एकदम न थांबवता डॉक्टरांना सांगा. संध्याकाळी दारू घेता का, हेही मी तुम्हाला विचारले असते.

पुढे काही तारखा येतील, त्यांची कल्पना आधी असलेली बरी. मुलीच्या मांडीत सळ्या बसवल्या असतील तर काही महिन्यांनी त्या काढण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया होऊ शकते, आणि त्या आठवड्यात दोघांचीही झोप पुन्हा जाईल. पोलिसांपुढील जबाब, न्यायाधिकरणातील तारीख, अपघाताला वर्ष होईल तो दिवस, या वेळी लक्षणे वर येतात आणि बहुधा आठ-पंधरा दिवसांत खाली बसतात. सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले, असे समजून उपचार सोडू नका.

नवस, नजर काढणे, टेकडीच्या गणपतीला किंवा कोराडीच्या देवीला जाऊन येणे याविषयी मला नेहमी विचारले जाते. माझी काही हरकत नाही. घरातले लोक एकत्र येऊन ‘हे संकट टळले’ असे म्हणतात, त्याने एका अर्थी आठवणीवर शिक्का बसायला मदतच होते. नवस फेडेपर्यंत मुलीला बाहेर काढायचे नाही असे कोणी ठरवले तर मात्र तो पुन्हा एक वळसा झाला.

कुठे जायचे, तर शहरात खासगी तज्ज्ञ आहेत, आणि मेडिकल व मेयो ही दोन शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आणि मिहानमधील एम्स या तिन्ही ठिकाणी मनोविकार विभागाची बाह्यरुग्ण सेवा आहे. प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे, पण ज्या चौकाला लोक अजून पागलखाना चौक म्हणतात तिकडे जायला तुमची पत्नी तयार होणार नाही असे वाटत असेल, तर पहिली भेट सर्वसाधारण रुग्णालयात घ्या. तिथे बाकीच्या रुग्णांसारखाच नंबर लागतो आणि कोणी वळून पाहत नाही. भेटीआधी कोणाशी तरी बोलायचे असेल तर १४४१६ हा टेली-मानस सेवेचा क्रमांक आहे; केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, ती विनामूल्य आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येते. तुमच्यापैकी कोणालाही जगू नये असे वाटत असेल, मुलीवर हात उचलला जात असेल, किंवा जेवणखाण आणि मुलीची देखभालच बंद पडली असेल, तर पायऱ्या वगैरे सगळे बाजूला ठेवून त्याच दिवशी दाखवा.

राहिला तुमचा मूळ प्रश्न, पत्नीला तयार कसे करायचे. ‘तुला दाखवायला नेतो’ असे म्हणाल तर ती नकार देईल, आणि तो नकार मला योग्यच वाटेल, कारण त्यात बरी नसलेली ती एकटी ठरते. तुम्ही स्वतःविषयी जी चार वाक्ये मला लिहिली, ती आज रात्री तिला सांगा. वाढलेली चिडचिड, फोनची धडधड, चुकवलेला चौक आणि ते चित्रण, सगळे. तिला यातले किती ठाऊक आहे ते तुम्हाला तेव्हाच कळेल. मग सोमवारी सकाळी अर्धी रजा घ्या, नऊच्या आत खिडकीवर पोहोचा, आणि केसपेपर दोन काढा, एक तिच्या नावाचा आणि एक तुमच्या.